गेटवे चालू झाला, पण बकेट सापडत नाही!

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी पत्रं मोजकीच आली, पण मालवणहून आलेलं एक पत्र इतकं सविस्तर होतं की अर्धं पान त्यालाच देतोय. बाकीच्यांनी रागावू नये, तुमचेही प्रश्न खाली आहेत.

प्रश्न (मालवण) : आम्ही सहा-सात स्कूबावाले मिळून एक कॉमन सोय करतोय. पर्यटक पाण्यात उतरतो, आमचा पोरगा खाली त्याचा व्हिडिओ काढतो आणि वर आल्यावर तो त्याला द्यायचा, काम इतकंच, पण सीझनला रोज पन्नास-साठ जीबी होतं. आत्तापर्यंत पेनड्राईव्ह नाहीतर व्हॉट्सॲप, आणि व्हॉट्सॲपवर क्वालिटीची पार वाट लागते, मग लोक पुण्याला पोचल्यावर फोन करून भांडतात. माझ्या भाच्याने तीन जुन्या पीसींवर सेफ टाकून दिलं. प्रत्येकात ४ टीबीच्या दोन डिस्क आणि ८ जीबी रॅम आहे. वर रॅडॉस गेटवे चालू केला, त्याच्यापुढे एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर लावला, आणि मग त्याला बाहेर नोकरी लागली, आता सगळं माझ्या गळ्यात. आयपी टाकला की चालतं पण नावाने गेलं की 'नो सच बकेट' म्हणतं, बकेट तर डोळ्यासमोर दिसतेय. एन्जिनएक्समधून गेलं की कधी ४०३, सिग्नेचर जुळत नाही, कधी ४१३. ३० दिवसांनी जुने व्हिडिओ आपोआप डिलीट व्हावेत असा रूल टाकलाय तरी जागा मोकळी होत नाही. रात्री मशीनं बंद ठेवतो, इन्व्हर्टरवर लोड नको म्हणून. माका तर कायच कळूक नाय.

उत्तर : भाऊ, आधी भाच्याला शिव्या घालू नका. त्याने अवघड काम पुरं केलंय आणि सोपं अर्धवट ठेवलंय, उलटं असतं तर तुमचं काही खरं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सेफ म्हणजे अनेक मशीनांच्या डिस्क जोडून त्यांचं एक कोठार करणारं मोफत सॉफ्टवेअर. प्रत्येक डिस्कमागे ओएसडी नावाची एक प्रोसेस बसते, आणि कोण जिवंत, कोण गेलं याचा हिशोब मॉनिटर ठेवतात, ते बहुतेक तीन असतात कारण बहुमत लागतं. या कोठाराची आतली भाषा ब्राउझरला येत नाही, म्हणून पुढे एक खिडकी लागते. ती खिडकी म्हणजे रॅडॉस गेटवे. आत तो कोठाराशी बोलतो आणि बाहेर ॲमेझॉनच्या एसथ्रीसारखं एचटीटीपी बोलतो, म्हणजे एसथ्रीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्याशी तसेच्या तसे चालतात. फाईली ज्या कप्प्यात ठेवायच्या त्याला तिथे बकेट म्हणतात. खिडकीत स्वतःचं काही साठत नाही. गेटवे पडला तरी व्हिडिओ जात नाहीत, दुसऱ्या मशीनवर दुसरा उभा केला की झालं. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारी खिडकीच्या आहेत. कोठाराची जी खरी अडचण आहे ती तुम्ही विचारलेलीच नाही, ती शेवटी सांगतो.

आधी नावाचा घोळ. समजा तुमचा पत्ता 'फाईल डॉट दुकान डॉट इन' आहे आणि बकेटचं नाव 'स्कूबा'. एसथ्रीचे बरेचसे क्लायंट बकेटचं नाव पत्त्याच्या पुढे चिकटवतात, म्हणजे 'स्कूबा डॉट फाईल डॉट दुकान डॉट इन' असं मागतात. आता गेटवेला कोणी सांगितलेलंच नाही की आपलं नाव कुठून सुरू होतं, त्यामुळे पुढे चिकटलेला 'स्कूबा' तो बकेट म्हणून धरतच नाही आणि स्लॅशनंतर जे पहिलं नाव येतं, म्हणजे खरं तर तुमच्या फोल्डरचं किंवा फाईलचं, त्यालाच बकेट समजून शोधत बसतो. नाही सापडत, म्हणून 'नो सच बकेट'. आयपीने चालतं कारण आयपीच्या पुढे नाव चिकटवता येत नाही, तिथे क्लायंट मुकाट्याने बकेट स्लॅशनंतर लिहितो.

याला दोन रस्ते. एक, डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, पुढे काहीही चिकटलं तरी चालेल अशी स्टारवाली नोंद करायची, गेटवेच्या सेटिंगमध्ये 'आरजीडब्ल्यू डीएनएस नेम' म्हणून तुमचा पत्ता भरायचा, गेटवे रिस्टार्ट करायचा आणि एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही स्टारवालं घ्यायचं. लेट्स एन्क्रिप्टचं स्टारवालं सर्टिफिकेट मोफतच आहे पण त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद करून डोमेन आपलंच आहे हे दाखवावं लागतं, नुसत्या वेबसर्व्हरवर भागत नाही. शिवाय स्टार एकच पायरी झाकतो, म्हणून बकेटच्या नावात टिंब टाकलंत की सर्टिफिकेट बोंबलणार. दुसरा रस्ता म्हणजे क्लायंटलाच सांगायचं की बाबा पाथ-स्टाईल वापर, बकेट स्लॅशनंतर लिही. गेटवेला ते चालतं. तुमच्या कामाला मी डोळे मिटून दुसरा रस्ता घेईन, एक नाव, एक सर्टिफिकेट, डोक्याला ताप नाही.

४०३ म्हणजे 'परवानगी नाही', आणि त्याचं कारण एन्जिनएक्समध्ये आहे. एसथ्रीची सही कशी होते ते बघा, क्लायंट रिक्वेस्टमधल्या काही गोष्टी घेतो, त्यात होस्टचं नावही येतं, आणि गुप्त कीने त्यावर सही करतो. गेटवे आपल्या बाजूने तीच सही परत काढून ताडून बघतो. एन्जिनएक्सला वेगळं काही सांगितलं नाही तर तो मधल्या मध्ये होस्टचं नाव बदलून स्वतःच्या कॉन्फिगमधलं मागच्या मशीनचं नाव पुढे पाठवतो. सही एका नावावर, तपासणी दुसऱ्याच नावावर, कशी जुळणार? सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की तलाठ्याकडे जे होतं तेच. प्रॉक्सीच्या ब्लॉकमध्ये होस्ट हेडर आला तसाच पुढे पाठवायची एक ओळ घाला. ४१३ त्याहून सोपं, एन्जिनएक्स डिफॉल्टला १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही, ती मर्यादा ० केली की मर्यादाच उठते. तिथेच रिक्वेस्ट बफरिंगही बंद करा, नाहीतर प्रत्येक व्हिडिओ आधी एन्जिनएक्सच्या डिस्कवर उतरणार आणि मग गेटवेकडे जाणार, म्हणजे दोनदा हमाली. एका दमात पाठवायच्या फाईलला ५ जीबीची मर्यादा आहे, त्याहून मोठी असेल तर क्लायंट तुकडे करून पाठवतो, त्याला मल्टिपार्ट म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आता जागा. तुमच्या पत्रातलं 'रात्री मशीनं बंद ठेवतो' हे वाक्य वाचून मी चहा खाली ठेवला. जुनं डिलीट करायचा जो रूल तुम्ही टाकलाय त्याला लाइफसायकल म्हणतात आणि गेटवे ते काम डिफॉल्टला रात्री १२ ते सकाळी ६ या वेळातच करतो, त्याच्या घड्याळाप्रमाणे. तुमची मशीनं त्या वेळी झोपलेली! गेटवेच्या 'रॅडॉसजीडब्ल्यू-ॲडमिन' या टूलची 'एलसी लिस्ट' कमांड मारून बघा, बकेटपुढे 'अनइनिशियल' असं दिसलं तर रूल एकदाही चाललेला नाही असं समजा. माझी पैज आहे की तेच दिसेल. 'आरजीडब्ल्यू लाइफसायकल वर्क टाइम' ही सेटिंग बदलून दुपारी दोन ते चार करा, पोरं जेवायला गेलेली असतात, पण त्याआधी गेटवे कंटेनरमध्ये चालत असेल तर आतलं घड्याळ बघून घ्या, ते यूटीसीवर असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं.

हे करूनही जागा लगेच मोकळी दिसणार नाही, घाबरू नका. डिलीट केलेली फाईल गेटवे आधी कचऱ्याच्या यादीत टाकतो आणि निदान दोन तास तरी तिला हात लावत नाही. आणि त्या मल्टिपार्टचं काय, तर नेट मध्येच तुटलं की आलेले तुकडे तसेच पडून राहतात, फाईलच्या लिस्टमध्ये ते दिसत नाहीत पण जागा खातात. जेट्टीवरच्या वायफायवरून अपलोड करताय म्हणजे असे तुकडे ढीगभर असणार. लाइफसायकलमध्येच आणखी एक रूल टाका, अर्धवट अपलोड २ दिवसांनी साफ करायचा.

पर्यटकाला लिंक देताना बकेट पब्लिक अजिबात करू नका. लोकांच्या पोराबाळांचे व्हिडिओ आहेत. प्रीसाइन्ड लिंक बनवा, तिच्यात सही आणि मुदत दोन्ही असतात, जास्तीत जास्त ७ दिवस. ही लिंक बनवताना पत्ता बाहेरचाच वापरा, दुकानातल्या आयपीवर सही करून लिंक पाठवलीत तर ती दुकानाबाहेर उघडणारच नाही. आणि ती गुप्त की वेबपेजच्या कोडमध्ये ठेवू नका, कुणीही राईट-क्लिक करून बघतं.

एक गोष्ट भाच्याने तपासली असेल अशी आशा आहे. बऱ्याच फायबर कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, शेकडो घरांमागे एकच आयपी असतो, तसं असेल तर बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचूच शकत नाही, मग गेटवे कितीही नीट लावा. राउटरमध्ये दिसणारा आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर समजून जा. प्रोव्हायडरकडे स्टॅटिक आयपी मागा, किंवा बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनने तिथपर्यंत बोगदा काढा.

आता न विचारलेला प्रश्न. सहा डिस्क, २४ टीबी, सेफ डिफॉल्टला प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतं, म्हणजे ८ टीबी हातात, असा तुमचा हिशोब असणार. तो चुकीचा आहे. तीन प्रती तीन वेगळ्या मशीनवर जातात आणि मशीनं तीनच, म्हणजे प्रत्येक मशीनवर सगळ्याची एक पूर्ण प्रत. आता एका मशीनमधली एक डिस्क गेली असं धरा. सेफ दहा मिनिटं वाट बघतं आणि मग तिच्यावरचा माल परत भरायला घेतं, पण कुठे? त्याच मशीनच्या उरलेल्या डिस्कवर, कारण बाकी दोन मशीनांवर त्या मालाची एक-एक प्रत आधीच आहे. म्हणजे अख्खी प्रत एका ४ टीबीच्या डिस्कमध्ये मावली पाहिजे. ८५ टक्क्यांना सेफ ओरडायला लागतं आणि ९५ ला लिहिणंच बंद करतं. तेव्हा खरी वापरायची जागा धरा सव्वातीन टीबी. रोज साठ जीबी आणि ३० दिवस म्हणजे १.८ टीबी, तुमचं निवांत भागतं, फक्त तो डिलीटचा रूल चालला पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत बोंब.

रॅम मात्र वाढवा. प्रत्येक ओएसडी डिफॉल्टला ४ जीबीच्या आसपास रॅम धरायला बघते, दोन ओएसडी म्हणजे तुमची ८ जीबी तिथेच संपली, मॉनिटर आणि गेटवे काय खाणार? १६ करा.

आणि तीन मशीनं एकाच खोलीत, एकाच पत्र्याखाली, एकाच बोर्डावर असतील तर डिस्क मरण्यापुरत्या त्या तीन आहेत, बाकी सगळ्याला एकच. तौक्ते २०२१ मध्ये तुमच्या दारावरून गेलं, तुम्हाला मी काय सांगणार. माझ्याकडे मे अखेरच्या वळवात वीज नेटच्या वायरीतून आत आली होती, स्विच, राउटर आणि दोन मशीनांचे लॅन पोर्ट एका दमात. पर्यटकांचे व्हिडिओ गेले तर गेले, पण तुमचा बुकिंगचा हिशोब जर त्याच बकेटमध्ये ठेवला असेल तर त्याची एक कॉपी कुडाळला मेव्हण्याकडे एका साध्या हार्डडिस्कवर ठेवा. नावात सेफ आहे म्हणून ते सेफ नाही. पावसाळ्यात स्कूबा बंद असतं तेव्हा मशीनंही महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, अधूनमधून चालू करा, खाऱ्या दमट हवेत रॅमचे पाय हिरवे पडतात. पडलेच तर शाळेतला साधा खोडरबर घासा.

प्रश्न (गुहागर) : आमच्याकडे असंच तीन मशीनांचं सेटअप आहे. लाईट जाऊन आली की 'क्लॉक स्क्यू' वॉर्निंग येते आणि कधीकधी गेटवे सगळ्यांनाच ४०३ देतो. अर्ध्या-एक तासाने आपोआप ठीक होतं. सोडून देऊ का?

उत्तर : नको. सेफच्या मॉनिटरना एकमेकांच्या घड्याळात ०.०५ सेकंदाहून जास्त फरक खपत नाही, आणि एसथ्रीची सही १५ मिनिटांहून जास्त मागेपुढे असेल तर गेटवे ती फेकून देतो. तुमच्या एखाद्या मशीनचा मदरबोर्डवरचा बटणसेल मेलाय, सीआर २०३२ असं त्यावर लिहिलेलं असतं, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. सेल मेला की लाईट गेल्यावर मशीन भलतीच तारीख घेऊन उठतं, आणि नेट यायला वेळ लागला की तोवर तीच तारीख खरी मानून बसतं. सेल बदला, तिन्हींवर क्रोनी हे घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर टाका, आणि त्यातलं एक मशीन बाकी दोघांना वेळ सांगेल असं ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी निदान तिघांचं एकमत राहतं. लाईटचा भरवसा आपल्या हातात नाही, सेलचा आहे.

प्रश्न (देवगड) : आमच्या बागेचा पट्ट्यांचा आणि मजुरीचा हिशोब एक्सेलमध्ये आहे, शिवाय पट्ट्यांचे स्कॅन, फवारणीचे फोटो, सगळं मिळून एक टीबीसुद्धा नाही. मुलगी म्हणते ऑब्जेक्ट स्टोरेज लाव, भविष्य तेच आहे. एकच मशीन आहे. लावू का?

उत्तर : काका, मुलीला माझा नमस्कार सांगा, पण नको. ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे सीलबंद आंब्याची पेटी. वर मार्क आणि नाव, नाव सांगितलं की पेटी मिळते, पण आतला एक डागी आंबा तेवढा बदलायचा म्हटलं तर जमत नाही, अख्खी पेटी नवी भरून ठेवावी लागते. स्कॅन आणि फोटो एकदा ठेवले की बदलत नाहीत, त्यांना ते छान. एक्सेलचं तसं नाही, तुम्ही रोज दहा वेळा सेव्ह करणार, तिला साधा शेअर केलेला फोल्डरच बरा. आणि एका मशीनवर सेफ म्हणजे दोन माणसांच्या घरात वाढप्यांची पंगत. एक बाहेरची हार्डडिस्क घ्या, दर शनिवारी कॉपी करा आणि ती डिस्क घरात न ठेवता दुसरीकडे ठेवा.

प्रश्न (रत्नागिरी, कॉलेज विद्यार्थी) : सेफच्या व्हर्जनांना ऑक्टोपस, स्क्विड अशी नावं का? आणि घरी प्रॅक्टिस करायला तीन मशीनं नाहीत, काय करू?

उत्तर : सेफ हे नावच सेफॅलोपॉडवरून आलंय, म्हणजे माकूल आणि ऑक्टोपसचं खानदान. सेज वाइल याने कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात पीएचडी करताना हे सुरू केलं, त्या विद्यापीठाचा मॅस्कॉट बनाना स्लग, म्हणजे तोही मृदुकायच. व्हर्जनांची नावं एबीसीडीच्या क्रमाने येतात, २०१३ ला कटलफिश, २०१९ ला नॉटिलस, २०२० ला ऑक्टोपस, २०२४ ला स्क्विड. आपल्या मच्छीबाजारात कटलफिश काय आणि स्क्विड काय, सर्रास माकूलच.

हा क्रम पाठ करून ठेव, नेटवरचा एखादा लेख किती जुना आहे ते त्यावरून कळतं. लेखात गेटवेसाठी अपाची आणि फास्टसीजीआय लावायला सांगितलं असेल तर तो लेख तिथेच बंद कर. सिव्हेटवेब दिसलं तरी जुनाच. नॉटिलसपासून डिफॉल्टला बीस्ट नावाचा वेबसर्व्हर गेटवेच्या आतच असतो, आणि ऑक्टोपसपासून सेफएडीएम हे सेफ बसवायचं टूल आलं, त्याने एका कमांडमध्ये गेटवे उभा राहतो.

तीन मशीनं नसली तरी चालेल. १६ जीबीचा लॅपटॉप असेल तर त्यात एक व्हर्च्युअल मशीन कर, तिला तीन छोट्या रिकाम्या डिस्क जोड, आणि सेफएडीएम बूटस्ट्रॅप करताना 'सिंगल होस्ट डिफॉल्ट्स' हा पर्याय दे, म्हणजे प्रती वेगळ्या मशीनवरच पाहिजेत हा हट्ट ते सोडतं. मग गेटवे लाव, युजर तयार कर, स्क्रीनवर ॲक्सेस की आणि सीक्रेट की येतील त्या जपून ठेव, आणि एक बकेट करून त्यात फोटो टाक. मग मुद्दाम एक डिस्क काढून घे आणि फोटो उघडतो का बघ. कंटेनरची इमेज मोठी असते, हॉस्टेलच्या वायफायवर असशील तर रात्रीच उतरवून ठेव.